मे महिन्यात पाणी वर येत नाही

गुडघ्याला पट्टी बांधून, पाय उशीवर टाकून मी हे लिहिते आहे. ऑपरेशन नीट झालं. भेटायला येणारी माणसं माझ्या गुडघ्याची विचारपूस जेमतेम उरकतात आणि लगेच खिडकीतून अंगणात बघत विचारतात, "गाडीला काय झालं हो?" अंगणात आमची मेटॅडोर उभी आहे. तिचा खालचा अर्धा भाग तांबूस झालाय आणि दार उघडलं की अजून थोडी वाळू पडते. रोज नव्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं, म्हणजे पुढच्या पाहुण्याच्या हातात चहाबरोबर हे कागदही ठेवता येतील.

आधी माझ्याबद्दल. मी नाशिकच्या एका शाळेत पी.टी. शिकवते आणि रविवारी गंगापूर धरणावर विंडसर्फिंग करते. म्हणजे एका लांब फळीवर उभं राहायचं, फळीला जोडलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं, आणि वारा नेईल तिकडंच आपल्याला जायचं होतं असं दाखवायचं. हा उद्योग मला एका फ्रेंच गृहस्थांनी शिकवला. दिंडोरीकडं वायनऱ्या निघायला लागल्या तेव्हा ते आपल्या द्राक्षांना शहाणपण शिकवायला आले होते. कंत्राट संपल्यावर फळी आणि शीड मला देऊन गेले आणि जाता जाता म्हणाले, "धरणावर तू छान करतेस. पण हे विंडसर्फिंग नव्हे, ही इस्त्री आहे. एकदा लाटेवर जा."

तेव्हापासून ती लाट माझ्या डोक्यात होती. शाळा, परीक्षा, लग्नकार्यं यांतून तिला बाहेर यायला वाट मिळाली नाही. मग या वर्षी मुलींना कबड्डी शिकवताना माझ्या गुडघ्यातली गादी फाटली. डॉक्टर म्हणाले, "जूनमध्ये ऑपरेशन करू. त्यानंतर मात्र फळीबिळी विसरायची. चालायचं, बास." म्हणजे माझ्याजवळ एक मे महिना होता. लाट मिळाली तर त्यातच मिळणार होती, नाहीतर मी जन्मभर इस्त्रीवालीच राहणार होते. मे महिन्यात काय करायचं हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

आता दिलीपरावांबद्दल. हे माझे यजमान, पाटबंधाऱ्याच्या कामातले इंजिनिअर. सगळी नोकरी धरणाच्या काठावर गेली आणि पोहता येत नाही. पाणी ही त्यांच्या मते मोजायची वस्तू आहे, उतरायची नव्हे. मी लाटेचा विषय काढला तेव्हा ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "राहणार कुठं? तुझी ती फळी कुठला लॉजवाला आत घेईल?" विषय संपला असं मी समजले. पुढच्या रविवारी दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराची जुनी मेटॅडोर आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"लय इमानदार गाडी हाय, मॅडम," बागायतदार म्हणाला. "फकस्त चढाला जरा इचार करती."

दिलीपरावांनी तिच्यात घर बांधलं. द्राक्षांच्या क्रेटची कपाटं, भद्रकालीतल्या सुताराकडून करून घेतलेली दोन बाकडी, माझ्या जुन्या साडीचे पडदे, एक शेगडी. झोपायची बाकडी त्यांनी पातळी लावून अशी सपाट केली की, वर ठेवलेली गोटी जागची हलत नसे. ही पातळी अर्थात आमच्या अंगणात धरलेली होती. अंगण सोडल्यावर ती बाकडी पुन्हा कधी सपाट झाली नाहीत आणि प्रवासभर मी दिलीपरावांच्या अंगावर घरंगळत राहिले.

त्र्यंबकच्या रस्त्यानं

फळीला ऊन लागू नये म्हणून मी ती पांढऱ्या चादरीत गुंडाळली, सुंभानं जागोजाग आवळली आणि टपावर आडवी बांधली. त्र्यंबकमध्ये शिरलो तशी माणसं रस्त्यातून बाजूला होऊ लागली. एका पानवाल्यानं हात जोडले. चौकातल्या हवालदारानं समोरची एस.टी. थांबवून आम्हाला वाट करून दिली आणि दिलीपरावांकडं बघून हळूच मान हलवली. दिलीपरावांनीही गंभीरपणे मान हलवली.

"ओळखीचा आहे का?" मी विचारलं.

"नाही. टपावर कोण आहे असं त्याला वाटतंय, ते मला आत्ता कळलं."

गावाबाहेर पडल्यावर मी चादर सोडली. फळी तिच्या मूळच्या पोपटी-नारंगी रंगात उन्हात तापू लागली आणि लोकांनी हात जोडायचं बंद केलं. त्याऐवजी ते हसू लागले. दुसरा प्रकार मला जास्त झोंबला.

मोखाड्याच्या चढाला गाडीनं कबूल केल्याप्रमाणं विचार केला. बॉनेट उघडून दिलीपराव वाफेकडं बघत बसले. रस्त्याकडेला एक बाई पानांच्या द्रोणांतून करवंदं विकत होती. तिनं न मागता आपल्या हंड्यातलं पाणी गाडीसाठी दिलं आणि टपाकडं बोट केलं.

"त्यां काय हाय?"

"त्याच्यावर उभं राहून समुद्रात जायचं," मी सांगितलं.

"मंग पल्याड काय हाय?"

"काही नाही. जायचं आणि परत यायचं."

"आमी जातो ना वसईकडं रेती काढायला, पोटासाठी जातो," ती म्हणाली. "तुमी नुसतां जायलाच जाता?" मग तिला हसू फुटलं. आमच्या शाळेतल्या बायका याच गोष्टीवर तोंडावर रुमाल धरून हसल्या होत्या. हिचं हसणं मोकळं होतं. आम्ही दोन द्रोण करवंदं घेतली आणि जव्हार येईपर्यंत जिभा जांभळ्या करून टाकल्या.

चिंचणी

समुद्र नव्हता. आम्ही नाशिकहून घाट उतरून, गाडी दोनदा थंड करून तिथं पोचलो, तर समोर ओल्या राखाडी चिखलाचं मैदान आणि त्याच्या पार टोकाला एक चकाकती रेघ. दिलीपरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"आवर्तन सोडलेलं दिसतंय," ते म्हणाले. धरणातून कालव्याला ठरलेल्या वेळी पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात, आणि जगातलं कुठलंही पाणी कमी दिसलं की दिलीपरावांना तेवढं एकच कारण सुचतं.

चिखलात शिंपल्या वेचणारी एक म्हातारी म्हणाली, "येल दुपारी. रोजचाच हाय त्याचा." दुपारी तो खरंच आला, अगदी पाय न वाजवता. लाट म्हणून काही नव्हतीच. वारा मात्र झकास होता. मी तासभर इकडून तिकडं गेले आणि खारट पाण्यावर इस्त्री करून परत आले.

जेवायला एका खाणावळीत तळलेले बोंबील मिळाले. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करताना दिलीपराव कुणाला ऐकत नाहीत, पण माशासमोर ते इन्स्पेक्शनला आल्यासारखे बसतात. बोंबलाचा काटा खाता येतो हे वाढणारीनं सांगितलं तरी त्यांनी तो बोटांनी उकलून काढला आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडला. नंतर त्यांनी आणखी मागवले. त्यांचेही काटे मांडले.

दापोलीच्या खाली

मुंबई, महामार्ग, महाडची मिसळ (आपल्याकडची नव्हे, यापेक्षा जास्त बोलत नाही) हे सगळं गाळते. दापोलीचा डोंगर उतरून आम्ही एका कोळ्यांच्या गावाला पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाला आमचं नाव लक्षात आहे तेवढं पुरे.

तिथं लाटा होत्या. पावसाळा अजून दूर होता, पण समुद्राला त्याची वर्दी मिळालेली असावी. एकामागून एक उंच रांगा येत होत्या आणि किनाऱ्याजवळ आडव्या होत होत्या. मी आनंदानं शीड जुळवलं आणि आत गेले.

धरणावर शीड पाण्यात पडलेलं असतं, आपण फळीवर चढून ते दोरीनं सावकाश ओढून उभं करतो. समुद्रात तेवढी सवड कुणी देत नाही. मी फळीवर चढे, दोरी हातात घेई, आणि लाट येऊन मला, फळीला आणि शिडाला वेगवेगळं करून किनाऱ्यावर आणून ठेवी. दिवसभर असंच चाललं. दुसऱ्या दिवशीही. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा झाला. दिलीपराव कोळ्यांकडून मासळीच्या पेटीतला बर्फ आणत आणि टॉवेलात बांधून गुडघ्यावर धरत. बर्फाला सुरमईचा वास यायचा. "परत जायचं का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मला त्याचा रागच आला. विचारलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

गावातल्या कोळ्यांचे म्होरके तात्या. वय झालेलं, अंगात बंडी, आवाज पार किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी पहिल्या दिवशी माझी धडपड बसून बघितली आणि विचारलं, "ताई, आत जाताव ते कशाला? जाळं तर दिसत नाय."

"लाटेवर बसायला."

"आनि मासळी?"

"मासळी नाही आणायची."

तात्यांनी विडी विझवली. "आमी उभा जन्म लाट चुकवतोय," ते म्हणाले, "आनि तुमी तिला शोधत आलाव."

ते दिवस होड्या वर काढायचे होते. पावसाळ्याआधी इथं सगळ्या होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढून शाकारून ठेवतात. खाली लाकडी ओंडके घालायचे, जाड दोर बांधायचा, आणि सगळ्या गावानं गावाकडं तोंड करून, खांद्यावर दोर घेऊन ओढायचं. तात्या आरोळी देतात, बाकीचे ओढतात. होडी वर आली की होडीवाल्यानं ओढणाऱ्यांना जेवण घालायचं. त्या जेवणाचा एक नियम आहे: ओढताना ज्यानं दोर सोडला त्यानं सगळ्यांना वाढायचं आणि आपण शेवटी जेवायचं. आमच्यासमोरच तात्यांच्या जावयानं, नवी पँट घसरली म्हणून, दोर सोडला. संध्याकाळी अख्खा गाव पंगतीला आणि जावई भाताचं घमेलं घेऊन वाढतोय! आमच्याकडं जावयाला असं वाढायला लावलं असतं तर मुलगी माहेरी परत आली असती. इथं सासू पदर तोंडाला लावून हसत होती आणि जावईही हसत होता.

शेवटचा दिवस

दुसऱ्या दिवशी परत फिरायचं होतं, म्हणून आम्ही पहाटेच गाडी घेऊन किनाऱ्यावर उतरलो. वाळू कडक, ओली, रस्त्यासारखी. रोज शीड आणि फळी गावापासून पाण्यापर्यंत वाहून माझा गुडघा बोलत होता, तेव्हा दिलीपराव म्हणाले, "आज गाडी पाण्याजवळच लावू." पाण्याच्या कडेला त्यांनी एक काठी रोवली. नाष्टा होईपर्यंत पाणी काठीपासून बरंच खाली गेलं.

"उतरतंय," ते समाधानानं म्हणाले. "मे महिन्यात पाणी वर येत नाही."

वाचणाऱ्यांनी हसू नये. भरती-ओहोटी आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. चिंचणीला ती डोळ्यांनी पाहिली होती आणि भूगोलात तर मार्क मिळवले होते. पण भूगोल डोक्यात असतो आणि गाडी उभी करतात ते हात. गंगापूर धरणात मे महिन्यात पाणी रोज फक्त उतरतं. आम्ही वर्षानुवर्षं तिथं गाडी पाण्यापर्यंत नेली, आणि संध्याकाळी पाणी आणखी लांब गेलेलं पाहिलं. हातांनी तेच केलं. मीसुद्धा गाडीच्या सावलीत बसून करवंदांचं लोणचं आणि पोळी खाल्ली आणि जागा छान निवडली म्हणून दिलीपरावांचं कौतुक केलं.

दुपारी वारा भरला. मी ठरवलं होतं की आज फळीवर चढून दोरी ओढायचीच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, शीड आधीच वाऱ्यात धरलं, दोन लाटांच्या मध्ये जागा दिसली तसा चांगला पाय फळीवर ठेवला आणि शिडानंच मला उचलून वर घेतलं. पहिली लाट फळीच्या नाकाखालून गेली. दुसरी अंगावर फुटली, पण मी उभी होते. मग अचानक आवाज मागं पडला आणि मी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडं होते. करवंदंवाली बाई म्हणाली होती त्या पल्याड. तिथं खरंच काही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग वळले आणि वाट बघितली. मागून पाणी फुगत आलं, फळी पुढं कलली, आणि शीड हातात एकदम हलकं झालं. धरणावर शीड हलकं झालं म्हणजे वारा मेला, आता पडणार. मी पडायची तयारी केली. पण पडले नाही. वेग वाढतच गेला. मला वारा नेत नव्हता, पाणी नेत होतं. अख्खा समुद्र पायाखाली चालत होता आणि मी त्याच्यावर नुसती उभी होते. गुडघा दुखत होता की नाही ते आठवत नाही.

लाट विरली तसं किनाऱ्याकडं लक्ष गेलं. तिथं गर्दी जमली होती! इतके दिवस दोनचार कुत्र्यांखेरीज मला कुणी बघायला आलं नव्हतं, आणि आज अख्खा गाव. आरोळ्या ऐकू येत होत्या. गर्दीतून एक माणूस बाजूला होऊन दोन्ही हात उंच करून हलवत होता. शर्टावरून ओळखलं, दिलीपराव. मी एक हात सोडून त्यांना हात केला, आणि एवढे लोक आलेच आहेत तर म्हणून, पुन्हा आत जाऊन आणखी एक लाट घेतली.

किनाऱ्याला लागले तेव्हा कळलं. गाडी चाकांच्या वरपर्यंत पाण्यात होती. साडीचे पडदे खिडकीतून बाहेर तरंगत होते, द्राक्षांचे क्रेट एकेक करून समुद्राला निघाले होते. गाव होडीचा दोर लावून गाडी ओढत होता. मीही दोर धरला. तात्यांच्या आरोळीवर ती एकदाची वर आली आणि होड्यांच्या रांगेत, दोन होड्यांच्या मधोमध, पाणी गाळत उभी राहिली.

"गाडी गेली, शैला," दिलीपराव म्हणाले. बस, एवढंच.

लाटेबद्दल बोलायची ती वेळ नव्हती. पण मनात जे होतं ते लिहिते: मला गाडीचं दुःख नव्हतं. आयुष्यातली एकुलती एक लाट मी घेतली होती, आणि ज्यांना मी गर्दी समजले ते सगळे समुद्राकडं पाठ करून उभे होते. ते हात हलवणारे दिलीपराव मला मदतीला बोलावत असणार, आणि मी त्यांना टाटा करून दुसऱ्या लाटेवर गेले होते. ती लाट कुणी पाहिलीच नाही. मला रडू येत होतं आणि ते गाडीसाठी आहे असं समजून गावातल्या बायका माझी समजूत काढत होत्या.

गाडी वर आली म्हणजे जेवण आमच्याकडं. वरच्या क्रेटमधली मटकी आणि नाशिकचा मसाला वाचला होता. तात्यांच्या अंगणात चुलीवर मोठ्या पातेल्यात मी मिसळ केली, दापोलीहून पाव आले. पंगत बसली. तात्यांनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाले, "बरी झालीय. ह्यात दोन तुकडे मासळीचे घातलेत असते तर आनखी बरी झाली असती."

मी पातेल्याशी बसले होते. मान वर केली तर रश्श्याची बादली घेऊन पंगतीत वाढत होते दिलीपराव. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न घेणारा माणूस वाकून वाकून "रस्सा? रस्सा?" करत होता, आणि तात्यांचा जावई सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

"तात्या," मी म्हटलं, "हे का वाढतायत?"

"दोर सोडलान त्यांनी!" तात्या कडाडले. "गाडी निम्मी वर आली होती, ताई. चाकं सुटली होती पान्यातनं. आनि ह्यांनी मधेच दोर सोडलान, फिरले, दर्याकडं तोंड करून दोनी हात वर करून बोंबलतायत. आमाला वाटलं, तुमी बुडालाव. बघतो तर तुमी मजेत उभ्या. तेवढ्यात गाडी गेली परत खाली, आनि मग आतपर्यंत पानी घुसलं."

बादली माझ्यासमोर आली. दिलीपराव माझ्याकडं बघत नव्हते, रश्श्याकडं बघत होते.

"अहो, दोर का सोडलात?"

"गाडी ओढताना तोंड गावाकडं असतं, शैला," ते हळू आवाजात म्हणाले. "तू मागं होतीस. बघायचं म्हटलं तर दोर सोडायलाच लागत होता."

आणि ते बादली घेऊन पुढच्या पानाकडं गेले.

गाडीला काय झालं, ते हे असं झालं.